तेजलच्या आईची मेल

“मॅडम, रक्त कुठं द्यायचं? माझं ओ पॉझिटिव्हच हाय.”

हारुणभाई मुजावर माझ्या टेबलासमोर उभे होते. शर्टाची डावी बाही पार दंडापर्यंत वर सारलेली आणि हातावर मशीनची पांढरी भुकटी तशीच. त्यांच्या मागं दारात आणखी पाच-सहाजण होते. कुणी ॲप्रन काढत होतं, कुणी चपला शोधत होतं.

“जिनगोंडा आणि वसू स्कूटरवरनं पुढं गेलीत ब्लड बँकेत,” हारुणभाई म्हणाले. “आम्ही रिक्षानं निघतो. तेवढं पेशंटचं नाव सांगा. मेलमध्ये नाव नाही दिलेलं.”

नाव असणार कुठून? पेशंटच नव्हता. ती मेल मीच पाठवली होती.

आणि मी त्या वेळी काय करत होते, माहीत आहे? हसत होते. लॅपटॉपच्या पडद्यावर आकडा दिसत होता, अकरापैकी अकरा. चौदा मिनिटांत अकराच्या अकरा माणसांनी आपला पासवर्ड माझ्या खोट्या पानावर लिहून दिला होता. नोकरीत मी पाहिलेला सगळ्यात मोठा आकडा होता तो, आणि आता अण्णांना कसं ऐकवते बघा, म्हणून मी मनातल्या मनात मांडे खात होते.

ही मिरजेतली गोष्ट. अण्णासाहेब मगदुमांचा तिथं कारखाना होता. कारखाना म्हणायचं आपलं, पत्र्याची एक लांबलचक शेड आणि पुढं ऑफिसच्या दोन खोल्या. पायात दोष असलेल्या माणसांसाठी तिथं कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणाऱ्या धातूच्या पट्ट्या, आणि खास बूट तयार व्हायचे. प्रत्येक पाय वेगळा, म्हणून प्रत्येकाचा फर्मा वेगळा. फर्मा म्हणजे ज्यावर बूट चढवतात तो पायाच्या आकाराचा ठोकळा. पूर्वी तो हातानं कोरायचे, आता कॉम्प्युटरवरून मशीन कोरायचं, आणि हजारो पायांची मापं, फोटो, आजारपणाची माहिती असं सगळं त्या अकरा कॉम्प्युटरांत साठवलेलं होतं. पुण्याचं एक मोठं हॉस्पिटल लहान मुलांची कामं यांच्याकडे पाठवायचं. त्याच सुमाराला कुठल्याशा एका कारखान्याचे सगळे कॉम्प्युटर कुणीतरी बाहेरून बंद पाडून टाकले होते, एका माणसानं एका खोट्या मेलमधली फाइल उघडली एवढ्यावरून. पुण्याचे लोक घाबरले. आमच्या पेशंटांची माहिती तुमच्याकडे सुरक्षित राहील याची खात्री द्या, नाहीतर आम्ही दुसरीकडे बघतो, असं त्यांनी अण्णांना कळवलं. आणि अण्णांनी मला बोलावलं.

मी चोवीस वर्षांची होते. पुण्यात कॉम्प्युटरच्या सुरक्षेचं काम करणाऱ्या कंपनीत दोन वर्षं नोकरी करून सांगलीला परत आलेली, आणि आपल्याला सगळं कळतं याची पक्की खात्री असलेली. आमच्या धंद्यात एक रीत आहे. आधी आपणच एक खोटी मेल पाठवायची आणि कोण कोण फसतंय ते बघायचं. मी लिहिलं होतं, ‘आपल्या एका जुन्या कामगाराचा अपघात झाला आहे. ओ पॉझिटिव्ह रक्त तातडीने हवे. नाव नोंदवण्यासाठी इथे आपल्या मेलचा पासवर्ड टाका.’ लिहिताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

“हारुणभाई,” मी म्हणाले, “अपघात वगैरे काही झालेला नाही. ती मेल खोटी होती. मी पाठवली होती, तुमची परीक्षा घ्यायला.”

मला वाटलं, आता चिडतील. मी उत्तरं तयार ठेवली होती.

“म्हणजे कुणाला काही झालं नाही?” हारुणभाईंनी विचारलं.

“नाही.”

“अल्लाचे उपकार,” ते म्हणाले आणि बाही खाली करून बटण लावायला लागले. “चला रे, कामाला लागा. जिनगोंडाला फोन करा कुणीतरी, परत ये म्हणावं.”

जिनगोंडाला फोन केला, तर तो आणि वसू दोघंही रक्त द्यायला टेबलावर झोपले होते. आता आलोच आहोत तर देऊनच येतो, म्हणाला.

सगळे पांगले. एस्तेरमावशी तेवढ्या मागं राहिल्या. बाहेरच्या टेबलावर बसणाऱ्या एस्तेर सातपुते. फोन, मेल, येणाऱ्या-जाणाऱ्यांची विचारपूस आणि पायांची मापं घेणं हे सगळं त्यांच्याकडे. तेव्हा पंचावन्नच्या असतील. पांढरं पातळ, चष्मा, डाव्या पायाला कॅलिपर. लहानपणी पोलिओ झालेला. दाराची चौकट धरून त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

“एक विचारू का गं, शर्वरी?”

“विचारा ना.”

“परीक्षा घेतलीस, ठीक आहे. तुझं कामच आहे ते. पण हारुण बाही वर करून उभा होता, तेव्हा तू हसत का होतीस?”

उत्तरासाठी न थांबता त्या कॅलिपरचा कुलपासारखा खटका दाबून वळल्या आणि टेबलाकडे गेल्या.

संध्याकाळी अण्णांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मी रिपोर्ट पुढं केला, त्यांनी तो वाचलाच नाही.

“पहिला मी फसलो ना?” त्यांनी विचारलं.

“हो. चार मिनिटांत.”

“मला वाटलं, आपला बाळू मिस्त्री असेल. घरी फोनसुद्धा लावला त्याच्या.” अण्णा स्वतःशीच हसले आणि मग गंभीर झाले. “हे बघ मुली, पुढच्या महिन्यात पुण्याचे लोक स्वतः परीक्षा घेणार आहेत. दहा ते वीस तारखेच्या दरम्यान कधीही. त्यांची अट आहे, जो फसेल त्याला त्या पेशंटांच्या माहितीपासून लांब ठेवायचं. कॉम्प्युटर बंद. हारुणचं मी बघीन, तो हातानंसुद्धा फर्मा कोरतो. पण एस्तेरचं काय?”

“त्यांना दुसरं काम देता येईल की.”

“कुठलं? आमच्याकडं बसून करायचं एकच काम आहे. बाकी सगळं उभ्यानं.” त्यांनी खिडकीतून बाहेरच्या टेबलाकडे पाहिलं. “मी आयुष्यात बनवलेला पहिला कॅलिपर तिच्या पायात होता. वाईट बनवला होता. तीच मला सांगायची, इथं टोचतंय, तिथं ओढतंय. तिच्यामुळं मी शिकलो. एकतीस वर्षं त्या खुर्चीत बसलीय. ती खुर्ची गेली तर एस्तेर घरी बसेल, आणि घरी तिचं कुणीही नाही. तिला तयार कर. बाकी सगळं तुझ्या मनासारखं कर, पण तिला तयार कर.”

दुसऱ्या दिवसापासून मी शिकवायला लागले. पडद्यावर चित्रं दाखवून एक तास. मेल कुणाकडून आलीय, पत्ता नीट बघा. घाई करायला लावणारी मेल म्हणजे धोका. ओळखीचं नाव आणि अनोळखी पत्ता म्हणजे धोका. झिप, म्हणजे बंद करून पाठवलेली फाइल, हा तर मोठा धोका. एस्तेरमावशी पहिल्या ओळीत बसून सगळं वहीत लिहून घ्यायच्या, सुवाच्य अक्षरात, खाली रेघा ओढून. आणि मी सरावासाठी पाठवलेल्या प्रत्येक मेलला फसायच्या.

“मावशी, अहो, हा पत्ता बघा ना! हा काय आपल्या डॉक्टरांचा पत्ता आहे?”

“नाही गं. पण लिहिलं होतं, पोराला चालता येत नाहीय.”

“सगळे तेच लिहिणार. तुम्ही उघडावी म्हणूनच लिहिणार.”

“आणि खरंच एखाद्या आईनं लिहिलं असलं तर? आधी मी तिच्यावर संशय घेऊ?”

“हो! आधी संशय घ्यायचा.”

“नाही जमायचं बाई मला,” त्या म्हणाल्या. एवढ्या साधेपणानं म्हणाल्या की मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला.

मी चिडायची, हे कबूल करते. एकदा सगळ्यांदेखत बोलले, “मावशी, अशानं तुमची खुर्ची जाईल, कळतंय का?” त्यांनी वहीतून मान वर केली नाही. दुपारी मी चहा घेऊन गेले तेव्हा म्हणाल्या, “कळतंय गं. रात्रंदिवस तेच कळतंय. घरी चार भिंती आहेत. इथं रोज कुणीतरी पोर येतं, माझ्या कॅलिपरला हात लावून बघतं, आणि त्याचं रडणं थांबतं. मला ही खुर्ची हवीय, शर्वरी. पण तू सांगतेस ते डोक्यात शिरतं आणि हातापर्यंत पोचत नाही. काय करू?”

त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यांची नाही, माझी काळजी वाटली. मी शिकवत होते ते त्यांच्या उपयोगाचं नव्हतं, आणि मला दुसरं काही येत नव्हतं.

मग दोन-तीन दिवस मी शिकवणं बंद ठेवून शेडमध्ये नुसती हिंडले. तिथं एक पद्धत होती. बूट तयार झाला की शेवटचा टाका घालायच्या आधी कारागीर मोठ्यानं हाक द्यायचा, “कोण बघतंय?” आणि जो कुणी मोकळा असेल तो हातातलं काम ठेवून यायचा, बुटात हात घालून आतून अंगठा फिरवायचा आणि म्हणायचा, “बघितलं.” त्याशिवाय बूट बाहेर जायचा नाही. अण्णांनी बनवलेला बूटसुद्धा नाही. एक दिवस झाडूवाल्या शेवंताबाईंनी अण्णांचा बूट परत फिरवला, शिवण लागतेय म्हणून. अण्णांनी निमूट उसवला.

“हे कशासाठी?” मी हारुणभाईंना विचारलं.

“ज्यानं बनवलं त्याला चूक दिसत नाही मॅडम. बनवणाऱ्याचा जीव असतो त्यात. दुसऱ्याला दिसते. यात हुशारीचं काय नाही, नुसतं हाक मारायची लाज सोडायची.”

मी तिथंच उभी राहिले. महिनाभर मी या माणसांना एकेकट्यानं हुशार व्हायला शिकवत होते, आणि यांनी एकट्यानं हुशार व्हायचा नाद कधीच सोडून दिला होता.

त्याच दुपारी मी सगळ्यांना सांगितलं, माझे नियम विसरा. एकच करा. कुठल्याही मेलनं काही मागितलं, पासवर्ड असो, फाइल असो, नाहीतर काही उघड म्हणाली, तर हात लावायच्या आधी हाक द्या, “कोण बघतंय?” दुसरं माणूस येऊन बघेल. तरीही शंका राहिली, तर ज्याचं नाव आहे त्याला फोन करा. मेलमधल्या नंबरवर नाही, आपल्या रजिस्टरमधल्या नंबरवर.

“एवढंच?” मावशी म्हणाल्या.

“एवढंच.”

“म्हणजे संशय नाही घ्यायचा. विचारायचं.”

“हो. विचारायचं.”

त्यांचा चेहरा असा काही खुलला! “अगं, मग हे आधी का नाही सांगितलंस?” म्हणाल्या.

दहा तारीख उजाडली. कारखान्यात दिवसभर “कोण बघतंय?” चाललेलं. विजेच्या बिलाची मेल आली तरी हाक. अण्णांनी जेवायला बोलावल्याची मेल टाकली, तर तिघांनी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन खरंच तुम्हीच टाकलीत का, म्हणून विचारलं. मला हसू यायचं, पण आता ते हसू वेगळं होतं.

बुधवारी, अकराच्या सुमाराला, मावशींची हाक आली. “कोण बघतंय?”

मीच गेले. पडद्यावर एक मेल होती. अनोळखी पत्ता. मराठी, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेली. ‘मॅडम, तेजलच्या पायाला बूट लागतोय. फोटो पाठवले आहेत. लवकर बघा. तेजलची आई.’ आणि सोबत एक बंद फाइल.

मला इतका आनंद झाला! आलीच पुण्याची मेल. घाई, ओळखीचं नाव, अनोळखी पत्ता, बंद फाइल. मी शिकवलेलं सगळं एकाच मेलमध्ये.

“मावशी, ही परीक्षाच! काढून टाका. सुटलात तुम्ही!”

“तेजल म्हणजे बेडगच्या छाया सुतारची पोरगी,” त्या म्हणाल्या. “सात वर्षांची.”

“अहो, आपल्या वेबसाइटवर तिचा फोटो आहे ना, नावासकट? तिथूनच उचललंय त्यांनी नाव. फसवणारे असंच करतात.”

“असेल.” त्यांनी रजिस्टर उघडलं, बोट फिरवत नंबर काढला आणि फोन लावला. बंद लागला. पुन्हा लावला. पुन्हा बंद.

“बघा. आता काढून टाका.”

त्यांनी माऊसवरचा हात मात्र काढून घेतला. “शर्वरी, त्या पोरीला पायाची जाणीव नाही. जन्मापासून. कण्याचा दोष आहे. बूट लागला, जखम झाली, आतलं मांस दिसायला लागलं, तरी तिला दुखत नाही. ती खेळत राहते.”

“पण ही मेल तिच्या आईची नाहीच आहे!”

“नसेल. पण विचारल्याशिवाय कसं कळणार? तूच म्हणालीस ना, विचारायचं म्हणून.”

“मग दुपारी परत फोन करून बघा ना. आणि फाइल काहीही झालं तरी उघडू नका. हात जोडते. ती उघडली की तुमची खुर्ची गेली.”

“नाही उघडणार,” त्या म्हणाल्या. खटका दाबून पाय सरळ केला आणि उठल्या. “हारुण! तुझ्या भावाची रिक्षा आहे का रे चौकात? बेडगला जाऊन यायचंय.”

“मावशी, एका खोट्या मेलसाठी तुम्ही बेडगला जाणार?”

“तूही चल. मला रिक्षात चढा-उतरायला कुणीतरी लागतं.”

मी वैतागून गेले, हे खरं सांगते. वाटभर धूळ, दुतर्फा ऊस, आणि मावशी मांडीवर पर्स ठेवून शांत बसलेल्या. मी मनाशी रिपोर्ट लिहीत होते. कर्मचारी सावध आहेत, पण जरा जास्तच.

छाया सुतारचं घर गावाच्या कडेला होतं. अंगणात तेजल एका पायाला बूट घालून आणि दुसऱ्याला फडकं गुंडाळून, भिंतीला धरून लंगडी घालत होती. मावशी रिक्षातून उतरल्या आणि त्यांच्याआधी त्यांची हाक पोचली. “तेजू!”

“मावशी!” पोरगी ओरडली.

आतून छाया धावत आली. हात पिठाचे. “मॅडम, तुम्ही स्वतः आला? मेल मिळाली का? माझा फोन पाण्यात पडला हो परवा. कुणाचे नंबर पाठ नाहीत. बुटाच्या पावतीवरचा फोन नंबर पुसलेला, मेलचा पत्ता तेवढा दिसत होता, म्हणून कॉम्प्युटर क्लासच्या बाईंच्या हातापाया पडून पाठवायला लावली. मला तर वाटलं होतं, कोण वाचणार?”

मी भिंतीला टेकले.

मावशी जमिनीवर बसल्या. कॅलिपर लावून जमिनीवर बसणं काय असतं ते मी तेव्हा पाहिलं, आधी एक हात टेकून, मग दुसरा, मग सगळं अंग एकदम सोडून द्यायचं. त्यांनी तेजलचा पाय मांडीवर घेतला आणि फडकं सोडलं. घोट्याच्या हाडापाशी रुपयाएवढी जखम होती. कडेनं काळी-निळी पडलेली, मध्ये ओली. मला बघवेना.

“वाढली गं पोरगी,” मावशी म्हणाल्या. “बूट तेवढाच राहिला आणि पाय वाढला. कधी दिसलं?”

“काल मोजा काढताना. मोजा चिकटला होता.” छाया रडायला लागली. “मला आधी कळलं नाही हो. ती रडलीच नाही.”

मावशी जखमेभोवती अगदी हलक्या बोटानं दाबून बघत होत्या, आणि तेजल हसत होती. “मला दुखत नाही ना मावशी,” ती सांगत होती. “कितीपण दाबा, दुखत नाही. बघायचंय?” आणि तिनं स्वतःच जखमेवर बोट ठेवायला हात पुढं केला.

मावशींनी तो हात वरच्यावर धरला आणि त्याचा पापा घेतला. “माहितीय गं राणी. तू फार शूर आहेस. चल, आपण रिक्षातून चक्कर मारून येऊ.”

त्याच रिक्षातून आम्ही सगळ्या मिरजेला आलो. डॉक्टरांनी जखम साफ केली, पोरीला दाखल करून घेतलं. बाहेर येऊन म्हणाले, अजून दोन-तीन दिवस गेले असते तर हाडापर्यंत गेलं असतं, मग मला पायाचं काही सांगता आलं नसतं. वेळेवर आणलंत. छायानं मावशींचे पाय धरले, कॅलिपरसकट.

मी व्हरांड्यात बाकावर जाऊन बसले आणि रडले. अजून दोन-तीन दिवस, डॉक्टर म्हणाले होते. मी म्हणाले होते, काढून टाका. मी म्हणाले होते, सुटलात. मला ते शब्द परत परत ऐकू येत होते.

पुण्याची खरी परीक्षा शुक्रवारी आली, अकराच्या अकराजणांना. त्यांच्या मोठ्या डॉक्टरांच्या नावानं, अगदी हुबेहूब, यंदाच्या सगळ्या मुलांच्या मापांची फाइल ताबडतोब पाठवा, म्हणून. मावशींनी हाक दिली, हारुणभाई येऊन बघून गेले, आणि मग मावशींनी रजिस्टर काढून थेट त्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर तपासणीत होते, तरी त्यांना बाहेर बोलावून घेतलं. “डॉक्टरसाहेब, ही मेल तुम्हीच पाठवलीत का? नाही? मग तुमच्या नावानं कुणीतरी पाठवलीय बरं का, सांभाळा,” असं वर त्यांनाच बजावलं. शनिवारी पुण्याहून फोन आला तेव्हा पलीकडचा माणूस अण्णांना म्हणाला, इतक्या जणांच्या परीक्षा घेतल्या, पण आम्हालाच फोन करून सावध करणारं पहिलंच माणूस भेटलं. अकरापैकी अकरा पास.

शेडमध्ये जिनगोंडानं पेढे वाटले. अण्णा केबिनमधून बाहेर आले, मावशींच्या खुर्चीच्या पाठीवर नुसता हात ठेवून उभे राहिले आणि परत आत गेले. त्यांचे डोळे भरले होते, सगळ्यांना दिसलं.

गर्दी कमी झाल्यावर मी टेबलापाशी गेले. तीन दिवस जे बोलायचं राहिलं होतं ते बोलून टाकायचं ठरवलं होतं.

“मावशी, बुधवारी तुमच्या जागी मी असते, तर ती मेल मी काढून टाकली असती. दुसऱ्यांदा फोनसुद्धा केला नसता.”

“माहितीय,” त्या रजिस्टरमध्ये तेजलचं नवं माप लिहीत होत्या.

“तुम्ही अण्णांना का नाही सांगितलं? मी तुम्हाला काढून टाकायला सांगत होते, हे?”

“सांगून काय करायचं? तुला शिकवायचं होतं. तू आम्हाला महिनाभर शिकवलंस.”

“मला?”

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग शोधून सापडला नसता. “अगं वेडे, रिक्षात चढा-उतरायला मला कुणी कशाला लागतं? एकतीस वर्षं एकटी ये-जा करते मी. तुला तेजल दाखवायची होती, म्हणून नेलं.”